सोफिया बीडला का आली नाही?

मिशनच्या महाविद्यालयांचा विषय निघाला की आमच्याकडे दोनच सूर लागतात. एक धर्मांतराच्या भयाचा, दुसरा शिस्तीच्या कौतुकाचा. मुंबईचे सोफिया महाविद्यालयच घ्या. 1940 साली सेक्रेड हार्ट संघाच्या कॅथलिक धर्मभगिनींनी ते केवळ मुलींसाठी काढले. जागा घेतली ती वॉर्डन रोडवरची, भावनगरच्या महाराजांची. हिंदू, पारशी, मुसलमान घरांतल्या मुली तेथे शिकल्या आणि आपापल्या धर्मासह घरी परतल्या. धर्मांतराच्या बागुलबुवात आम्हांला स्वारस्य नाही. खरा आक्षेप निराळा आहे, आणि तो कोणी घेत नाही.

या संघाची संस्थापिका मादलेन सोफी बारा ही सरदारकन्या नव्हे. 1779 साली फ्रान्समधल्या एका द्राक्षमळ्यांच्या गावी, लाकडी पिंपे करणाऱ्या कारागिराच्या घरी ती जन्मली. 1800 साली संघ निघाला, आणि त्याचा रिवाज असा पडला की श्रीमंत मुलींची फी घेणारी वसतिशाळा जेथे निघेल तेथे शेजारीच गरीब मुलींची मोफत शाळा निघावी. हा रिवाज आम्हांला कोणत्याही देवघरापेक्षा पवित्र वाटतो. प्रश्न एवढाच की, वॉर्डन रोडचा शेजार कोठे संपतो? बीड त्यात येते की नाही?

भगिनींवर अन्याय नको. संघाच्या नियमाने 1964 पर्यंत त्या मठाच्या आवाराबाहेर पडत नसत. बालाघाटाच्या डोंगरात त्या कशा येणार? पुढे नियम सुटला, काही जणी खेड्यांत गेल्याही. पण महाविद्यालय शहरातच राहिले, आणि ही साठ वर्षे काही मठाच्या नियमाच्या नावे मांडता येत नाहीत.

आमचे नशीबही पाहा. 1956 पर्यंत बीड हैदराबाद राज्यात. हैदराबादेत कॅथलिक भगिनींचे सेंट फ्रान्सिस महिला महाविद्यालय निघाले 1959 साली! पंगत बसली तेव्हा आम्ही पानावरून उठलेलो होतो.

परंतु दुसऱ्याच्या दारातली गाऱ्हाणी पुरे. आमच्या पुढाऱ्यांनी सोफियापासून काय घेतले? इमारत घेतली, कोनशिला घेतली, स्नेहसंमेलन घेतले. घ्यायचे होते ते वसतिगृह. मुलगी जेथे शिकते तेथेच शिकविणारी राहते, आणि रात्री दिवा मालवायला कोणी जबाबदार बाई असते, ही गोष्ट. बीडमध्ये तिचे मोल मुंबईच्या शतपट आहे. येथे नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतली जाते, आणि जोडपे सहा महिने ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून तिचे लग्न उरकतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, बीड जिल्ह्यातल्या विशीच्या पुढच्या तरुण बायकांत शंभरी चाळिसांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. या मुली महाविद्यालयाला 'येत नाहीत' असे आमचे संस्थाचालक व्यासपीठावरून खेदाने सांगतात. येतील कशा? प्रवेशअर्जाच्या वयाला त्यांच्या कडेवर मूल असते.

शासनाने 2021 साली संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना काढली, उत्तम. पण सरकारी वसतिगृहाला अधीक्षक मिळतो, राहणारी माणसे मिळत नाहीत. ज्यांच्या हाती कारखाना आहे आणि महाविद्यालयही आहे, अशा मंडळींनी गाळपाच्या टनामागे काही पैसे काढून मुलींच्या खोल्या बांधाव्यात. ज्या भगिनींना हे काम दोनशे वर्षे येते, त्यांना खुशाल बोलवावे. क्रॉस गळ्यात आहे म्हणून बिचकणाऱ्यांनी पर्यायी बाई आणून दाखवावी. हंगामभर, रात्रीसुद्धा राहणारी.

हा अंक हाती पडेल तेव्हा गावोगावच्या वेशीत ट्रॅक्टर उभे असतील. गाडीत भांडी चढवता चढवता, "पोरीला कुठं ठेवू?" हे तिच्या आईने कोणाला विचारावे?