घरी आजारपण, हातात क्रोशा

घरात कुणी आजारी असलं की बाकीच्यांनी चोवीस तास चेहरा पाडून बसायचं, असा एक अलिखित नियम आपल्याकडे आहे. टीव्ही पाहिलेला चालतो, मोबाईलवर तास घालवलेला चालतो, पण हातात लोकर दिसली की लगेच, "हिला बरं सुचतं गं!" माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ज्यांच्या घरी रोजची औषधं, रोजच्या नोंदी आणि रोजची धाकधूक आहे, त्यांनी तर हातात काहीतरी धरायलाच हवं. फक्त काय धरायचं ते नीट निवडावं.

आमच्या घरचंच सांगते. आईला डायबेटिस आणि बीपी. बंड्या नावाच्या बोक्याला हृदयाचा आजार. हृदयाचा स्नायू जाड होतो, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी असं लांबलचक नाव. मांजरांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा हृदयविकार हाच. (बंड्याला त्याचं काही नाही, तो खातो आणि झोपतो.) आज दोघंही ठीक आहेत. पण हे आजार संपणारे नव्हेत, सांभाळायचे आहेत. मग "हे सगळं निस्तरलं की निवांत विणायला बसू" याला काय अर्थ? निस्तरणार कधी?

आता या काळजीचं स्वरूप बघा. प्रत्यक्ष काम थोडं, बाकी सगळं वाट पाहणं. बीपी मोजायच्या आधी आईने ५ मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, हात हृदयाच्या उंचीवर, गप्पा बंद. मग मिनिटभराच्या अंतराने दोन रीडिंग्ज. जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून २ तासांनी. बंड्या झोपला की त्याचे श्वास मोजायचे. छाती एकदा वर-खाली झाली की एक. झोपेत मिनिटाला ३० च्या आत असले तर ठीक. पुन्हा पुन्हा ३० च्या वर जायला लागले तर डॉक्टरांना फोन. तोंड उघडून धापा टाकत असेल तर लगेच दवाखाना. आणि दवाखान्यात रांग असतेच!

या मधल्या वेळात आपण काय करतो? गूगल. लक्षणं टाकायची आणि रात्री एक वाजता त्यातला सगळ्यात भयंकर आजार वाचून झोप घालवायची. पेशंटला दमडीचा उपयोग नाही. शिवाय आया चेहरा वाचतात. समोर मुलगीच घाबरून बसली असेल तर आईने शांत बसायचं तरी कसं?

क्रोशा इथे बरोब्बर बसतो. का, ते आमच्या आयटीच्या भाषेत सांगते. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर असते; सुई निसटली की ओळच्या ओळ धोक्यात. नेहमीच्या क्रोशात उघडा असतो तो एकच फास. तो जरा मोठा ओढून ठेवा, उठा, गोळी द्या, फोन घ्या, परत या. सगळं जिथल्या तिथे सेव्ह! चुकलंच तर उसवायचं, रोलबॅक फुकट. साखळी, मुका खांब, खांब एवढ्या भांडवलावर चौकोन तयार होतो. आणि चौकोन पूर्ण झाला की काहीतरी हातावेगळं झाल्यासारखं वाटतं. न संपणाऱ्या आजारपणात हे फार क्वचित वाटतं.

पण घरात मांजर असेल तर एक अट आहे, आणि ती छंदापेक्षा मोठी आहे. मांजर आणि लोकरीचा गुंडा हे चित्र कॅलेंडरवर गोड दिसतं. प्रत्यक्षात मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकणं अवघड, तो आतच जातो. एक टोक जिभेखाली नाहीतर जठरात अडकतं आणि आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं. दोरा आतडं कापूही शकतो. मग बहुतेक वेळा ऑपरेशन. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, मांजर तसंच उचलून दवाखान्यात न्यायचं. म्हणून लोकर झाकणाच्या डब्यात, कापलेली टोकं लगेच झाकणाच्या कचरापेटीत, सुया मोजून. आणि हो, घरच्यांच्या औषधांचा डबाही बंदच हवा. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतू शकते.

दुसरी अट म्हणजे छंदाला डेडलाइन नको. "किती छान! विकत का नाहीस?" असं विचारणारे भेटतातच. ऑर्डर आली की तारीख आली, आणि मग बंड्याचे श्वास मोजताना डोक्यात ती तारीख. ऑफिसातल्या रिलीज डेट्स पुरेत की!

हातात विणकाम असलं की लक्ष उडत नाही का, हा आक्षेप मात्र रास्त आहे. उडू शकतं. म्हणून पॅटर्न बघत करायची नक्षी अशा वेळी नको, आणि मोजायचं असेल तेव्हा सुई खाली. आधी नोंद, मग टाका. हा क्रम पाळला तर छंद काळजीच्या आड येत नाही.

असो. आजारी माणसाचं करणाऱ्याने स्वतःसाठी काहीच ठेवायचं नाही, याला आपण प्रेम म्हणतो. चार दिवसांच्या तापात ते चालूनही जाईल. पण डायबेटिस आणि हृदयविकार वर्षानुवर्षं सोबत राहतात, आणि तितकी वर्षं टिकायचं तर करणारा माणूसही टिकला पाहिजे. तेव्हा दवाखान्याच्या बाकावर कुणी विणत बसलेली दिसली, तर "हिला बरं सुचतं" म्हणण्याआधी ती कधीपासून तिथे बसली आहे, तेवढं विचारून बघा.