वसतिगृहातील हिवाळा आणि चीवराचा नियम

स्मरणिकेत इमारतींची, निकालांची आणि मान्यवरांच्या भेटींची नोंद होतेच. आम्ही येथे एका साध्या प्रश्नाविषयी लिहीत आहोत. हिवाळ्यात वसतिगृहातील मुलांच्या अंगावर काय असते?

भंडारा म्हटले की बाहेरच्यांना उन्हाळाच आठवतो. परंतु धान कापून शेते मोकळी झाली, तलावांवर आणि वैनगंगेवर धुके उतरू लागले, की येथील पहाट अंगाला झोंबते. शेजारच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अशा वेळी घरचे मूल गोधडीत किंवा शेकोटीजवळ असते. वसतिगृहातील मूल मात्र वंदनेच्या रांगेत उभे असते.

या रांगेविषयी आमच्या हातून अनेक वर्षे चूक घडली. गणवेशाच्या रंगाचाच स्वेटर चालेल, असा आमचा नियम होता. गणवेशाने समता येते, ही त्यामागील भावना. प्रत्यक्षात, ज्याच्या घरी नवा स्वेटर घेण्याची ऐपत नव्हती, ते मूल थोरल्या भावाचा तांबडा स्वेटर पेटीत ठेवून नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत असे. आणि आम्ही शाल पांघरून त्याला शिस्त शिकवीत असू.

विनयपिटकाच्या महावग्गातील एक प्रसंग आम्हांस येथे मार्गदर्शक वाटतो. काही भिक्खू चीवरांची गाठोडी डोक्याखांद्यावर वाहून नेत असल्याचे तथागतांनी पाहिले. चीवरांना मर्यादा घालणे आवश्यक होते. ती त्यांनी बसल्या जागी ठरविली नाही. वैशालीच्या गोतमक चैत्यापाशी, ऐन हिवाळ्यात, रात्री ते उघड्यावर एका चीवरानिशी बसले. पहिला प्रहर सरताना थंडी वाजली, तेव्हा दुसरे चीवर घेतले. मधला प्रहर सरताना तिसरे आणि पहाटे चौथे. त्यानंतर त्यांनी तीन चीवरांचा नियम केला आणि त्यांतील संघाटी दुपदरी ठेवण्यास अनुमती दिली. संचय नको, तसे देहाला व्यर्थ क्लेशही नकोत. हाच मध्यम मार्ग.

नियम करणाऱ्याने आधी थंडी स्वतःच्या अंगावर घेतली, हे आम्हांस या प्रसंगात सर्वांत मोलाचे वाटते. मुलांच्या कपड्यांचे नियम ठरविणाऱ्या प्रत्येकाने पौषातील एक पहाट त्यांच्यासारख्या सुती सदऱ्यात रांगेत काढावी; मग नियमाचे शब्द आपोआप बदलतील.

या प्रसंगात व्यवहाराचा धडाही आहे. एका जाड कपड्यापेक्षा पदरावर पदर अधिक ऊब देतात, कारण पदरांमध्ये अडकलेली हवा शरीराची उष्णता धरून ठेवते. आत कोरडी बंडी, वर सदरा, त्यावर स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि पायांत मोजे, एवढे पुरेसे आहे. ओलसर सुती कपडा मात्र अंगातील उष्णता ओढून घेतो. ज्याच्याकडे गणवेशाचा एकच जोड असतो, तो रात्री धुऊन पहाटे दमटच घालतो. म्हणून दुसरा जोड ही चैन नव्हे, गरज आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. थंडीच्या दिवसांत कोणत्याही रंगाचा स्वेटर चालावा. उबदार कपडे पुस्तकांप्रमाणे शाळेच्या भांडारातून सर्वांना सारखे मिळावेत. त्यासाठी मुलांना व्यासपीठावर उभे करून छायाचित्रे काढली जाऊ नयेत. दान घेताना मान खाली घालावी लागली, तर ती ऊब अंगापर्यंत पोहोचत नाही.

वर्षावास संपल्यावर, आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत, आपले उपासक-उपासिका श्रद्धेने भिक्खुसंघाला कठिन चीवरदान करतात. थंडी त्यानंतर लगेच येते. त्याच महिन्यात प्रत्येक कुटुंबाने एक स्वेटर किंवा एक ब्लँकेट वसतिगृहाच्या भांडारात जमा करावे, अशी आमची विनंती आहे. येत्या हिवाळ्यात आमच्या वंदनेची रांग रंगीबेरंगी दिसली, तर पाहुण्यांनी ती बेशिस्त समजू नये.