बरोबरीनंतरचा न्याय

भातकापणी उरकली, शेते मोकळी झाली, की डहाणू-तलासरीच्या गावांत कबड्डीचे आणि क्रिकेटचे सामने सुरू होतात. रविवारी मैदानाभोवती सारा गाव जमतो. अशा वेळी एखाद्या गटात दोन संघांचे गुण सारखे होतात. पुढे जायचे कोणी? नियम आधी ठरलेला नसला, की आयोजकांच्या टेबलाभोवती गर्दी होते, आवाज चढतात आणि अखेर चिठ्ठी टाकली जाते. बाहेर पडलेली मुले घरी जाताना म्हणतात, ‘आम्हाला खेळात कुणी हरवलेच नाही.’ त्यांचे काय चुकले?

हा पेच मोठ्या स्पर्धांनाही चुकलेला नाही. अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. बाद फेरीआधी प्रत्येक संघ १७ सामने खेळतो. एकाच विभागातल्या दोन संघांची बरोबरी झाली, तर आधी त्यांच्या आपसातल्या लढती पाहतात. तेथेही बरोबरी असेल, तर विभागातली एकूण कामगिरी, मग दोघांच्या समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची. अशा पायऱ्या उतरत गेल्यावर अगदी तळाशी नाणेफेक येते. दैवाला तेथे जागा आहे, पण सर्वांत शेवटची.

केवळ नियम लिहून ठेवला म्हणजे भागते, असेही नाही. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंडच्या धावा सारख्या झाल्या, सुपर ओव्हरमध्येही सारख्याच राहिल्या. मग चौकार-षटकार मोजून, २६ विरुद्ध १७, इंग्लंडला चषक मिळाला. नियम आधीच छापलेला होता. तरी तो फारसा कुणाच्या मनाला पटला नाही. त्याच वर्षी तो बदलावा लागला. त्याआधी, २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात, जपानने सेनेगलला मागे टाकले ते दोन पिवळी कार्डे कमी मिळाली म्हणून. हे गणित ठाऊक असल्याने जपानचे खेळाडू पोलंडविरुद्ध पिछाडीवर असूनही शेवटची काही मिनिटे चेंडू आपसातच फिरवत राहिले.

आपल्या कबड्डीचे उत्तर यापेक्षा सरळ आहे. बाद फेरीत बरोबरी झाली, की दोन्ही संघांना पाच-पाच चढाया मिळतात. त्या वेळी बाद होणे नाही, जीवदानही नाही. सातही गडी मैदानात. तरीही गुण सारखे राहिले, तर सुवर्ण चढाई. निकाल होईल तो शक्यतो दमाने आणि पकडीने.

गावच्या आयोजकांनी एवढेच करावे. पहिल्या सामन्याआधी बरोबरीचा नियम फळ्यावर लिहावा आणि दोन्ही कर्णधारांना मोठ्याने वाचून दाखवावा. आधी खेळ, मग आपसातली लढत आणि काहीच उरले नाही तर चिठ्ठी. पोरे हरतील, रडतीलही. पण आपण का हरलो, हे त्यांना घरी सांगता येईल, आणि पुढच्या रविवारी ती पुन्हा मैदानावर येतील.