चेहरा जुळला नाही तरी आहार मिळालाच पाहिजे : धाराशिव जिल्ह्यातील अंगणवाडी सेविका-मदतनिसांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, धाराशिव

धाराशिव 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. जिल्ह्याच्या प्रगतीचे जे आकडे दिल्लीत पाहिले जातात, त्यांतले पोषणाचे आकडे अंगणवाडीतल्या वजनकाट्यापाशी तयार होतात आणि सेविका ते ‘पोषण ट्रॅकर’मध्ये भरतात. ते ॲप कसे चालावे, हे आमच्याशी बोलूनच ठरले पाहिजे.

ॲपला आमचा विरोध नाही. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, ते कमी क्षमतेचे, सारखे हँग होणारे फोन आणि मराठीचा पत्ता नसलेले ॲप यांमुळे. मराठी नंतर आली. म्हणजे तक्रार रास्त होती आणि दुरुस्ती शक्य होती.

आजची अडचण चेहरा पडताळणीची आहे. गरोदर व स्तनदा माता आणि 6 महिने ते 3 वर्षे वयाची बालके यांचा घरपोच आहार देताना ती 1 जुलै 2025 पासून सक्तीची झाली. आधी आधारची ई-केवायसी, त्यासाठी आधारला जोडलेल्या क्रमांकावर ओटीपी, मग फोटो. आता आपल्या जिल्ह्यात हे कसे घडते ते पाहा. भूम, परंडा, वाशी, कळंब भागांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मूल आजीजवळ राहते. केवायसी करायची ती आई कारखान्यावर, ओटीपी येतो तो वडिलांच्या फोनवर आणि तो फोन उसाच्या फडात. फडातला माणूस कोयता ठेवून फोन घेईपर्यंत ओटीपीची मुदत संपते. पिशवी घेऊन आलेल्या आजीला परत पाठवायचे, की नोंदीवाचून आहार द्यायचा? हा निर्णय एकट्या सेविकेच्या माथी येतो.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार या वयाच्या बालकाला रोज 500 आणि गरोदर व स्तनदा मातेला 600 किलोकॅलरींचा आहार हा हक्क आहे. आधारअभावी कोणत्याही मुलाचा लाभ अडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात बजावले. म्हणून आम्हाला लेखी आदेश हवा : दोन प्रयत्नांत पडताळणी झाली नाही, तर रजिस्टरवर सही किंवा अंगठा घेऊन आहार द्यावा, कारण लिहावे आणि पर्यवेक्षिकेने महिनाअखेर ती पाने तपासावीत. यात नवा खर्च एक रुपयाचाही नाही.

स्थलांतरित कुटुंबांची गावनिहाय यादी हंगामाआधी त्या त्या जिल्ह्यांना पाठवावी आणि कारखान्याच्या तळाजवळची अंगणवाडी ठरवून घ्यावी. कुटुंब परत येईपर्यंत ही नावे आमच्या प्रलंबित कामात धरू नयेत. फडावर गेलेल्या बाळाचे वजन इथे बसून भरता येत नाही. भरले, तर ते खोटे असेल.

फोन दर 4 वर्षांनी बदलून द्यावा. रिचार्जचे पैसे तिमाहीच्या सुरुवातीला खात्यात यावेत. आधी पदरमोड आणि मग बिलांमागे फिरणे नको. बालाघाटच्या डोंगरातल्या वस्त्यांवर ज्या कंपनीची रेंज असेल, तिचेच सिम द्यावे.

सर्व्हर बंद किंवा रेंज नाही म्हणून नोंद राहिली, तर मानधन वा प्रोत्साहन भत्ता कापू नये. यंत्राच्या खोळंब्याचा दंड माणसाने भरावा, हे कोणत्याही आस्थापनेत न्याय्य ठरत नाही.

चेहरा पडताळणीची अट शिथिल करणे केंद्राच्या हाती आहे, हे आम्ही जाणतो. तो प्रस्ताव आपल्या शिफारशीसह पुढे जावा. बाकीचे जिल्हा पातळीवर होऊ शकते.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत आमच्या प्रतिनिधींसह बैठक घेऊन इतिवृत्त द्यावे. तसे न झाल्यास 31 व्या दिवसापासून आहार वाटप, वजन-उंची आणि गृहभेटी नेहमीप्रमाणे चालू राहतील, त्यांच्या नोंदी रजिस्टरमध्ये होतील आणि ॲपवरील काम बंद राहील.

आपल्या,
जिल्ह्यातील अंगणवाडी सेविका व मदतनीस