पुढच्या जन्माची उधारी



"ह्या जन्मी नाही, पुढच्या जन्मी" हे वाक्य मी लहानपणापासून पडद्यावर ऐकत आलो. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने ते मला समोर बसून ऐकवलं. रडत ऐकवलं. खरं रडत होती, नाटक नव्हतं. म्हणून तर हे लिहितोय. खोट्या रडण्यावर मी शाई खर्च केली नसती.

तिचं नाव इथं येणार नाही, तिच्या जातीचंही नाही. कवितेच्या एका बैठकीत ओळख झाली. तिच्या वडलांनी माझी कविता ऐकली, "आग आहे हो" म्हणाले, चहा पाजला. मग आडनाव विचारलं. मग बाप काय करतो ते विचारलं. बाप गोदीत बोर्डाचा कामगार होता, मी त्याच गोदीत ठेकेदाराचा. चहा संपला, कविताही संपली. त्या घरात 'जात' हा शब्द कुणी उच्चारला नाही. शिकलेली माणसं ती. तिनेही नाही उच्चारला. तिने मला पुढचा जन्म देऊन टाकला.

हा पुढचा जन्म तिने आणला कुठून? तो रात्री जेवणाच्या टायमाला घरोघर फुकट वाटला जातो.

२००७ ते २००९ झी मराठीवर 'असंभव' चालायची. मी तेव्हा शाळेत. ज्याच्या घरी केबल, त्याच्या दारात अख्ख्या गल्लीची पोरं. शास्त्र्यांचा वाडा, मागच्या जन्मीचे महादेवशास्त्री आणि ह्या जन्मीचे आदिनाथ शास्त्री, दोन्ही उमेश कामतच. मालिका झकास होती, खोटं का बोलू? आम्ही भ्यायचो आणि तरी बघायचो. आई मात्र भाकरी थापता थापता म्हणायची, "आपल्यातल्याचं भूत बी वाड्यात ऱ्हात न्हाई रं." तेव्हा हसलो होतो. आता गोदीत रात्रपाळीला विंच बंद पडून हात रिकामे झाले की ते आठवतं. शास्त्री मेला तो पुन्हा शास्त्रीच कसा झाला? आत्म्याला म्हणे जात नसते. मग हा आत्मा एकदा तरी वाट चुकून आमच्या गल्लीत का शिरत नाही? त्याला पत्ता कोण लिहून देतं? लग्नाच्या गाठी वर बांधतात म्हणतात. तिथलं वधूवर सूचक मंडळही पोटजातवार चालत असणार!

पडद्यावर हा धंदा जुना आहे. १९५८ चा बिमल रॉयचा 'मधुमती' घ्या. डोंगरातली आदिवासी पोर, तिच्यामागे लागलेला राजा उग्रनारायण. त्याच्या तावडीतून सुटायला ती हवेलीवरून पडून मरते. तिचा आनंदही मरतो. पुढच्या जन्मी ती आगगाडीतून उतरते ती राधा म्हणून, सभ्य घरातली बायको होऊन. तिचा डोंगर कुठे गेला? तिची माणसं कुठे गेली? ती सगळी मागच्या जन्मात राहिली.

१९६७ चा 'मिलन' तर माझ्या काळजाला लागतो, कारण त्यातला सुनील दत्त पाण्यावर पोट भरणारा आहे. गोपी नावाडी. नूतन जमीनदाराची मुलगी राधा. गोपी तिला नदीपार नेतो-आणतो, पण नावेतून उतरल्यावर तो कोण? तिचं लग्न दुसऱ्याशी होतं, ती विधवा होऊन परत येते, गाव बोंबलतं आणि दोघं नदीत बुडून मरतात. पुढच्या जन्मी रीतसर नवराबायको! प्रेक्षक डोळे पुसत घरी. आणि गोपीवर जीव टाकणारी गौरी? ती म्हातारी होऊन ह्या दोघांची गोष्ट सांगायला मागे राहते. तिच्या वाट्याला पुढचा जन्मही नाही. ती आपल्यातलीच दिसते मला.

ह्या सगळ्या गोष्टींचं गणित एकच आहे. नावाड्याला जमीनदाराची मुलगी मिळावी असं पब्लिकला वाटतं, पण नावाड्याने नावाडी राहून ती मिळवावी हे पब्लिकला सोसत नाही. म्हणून त्याला मारायचा. पाण्यात बुडवून त्याची जात धुऊन काढायची आणि मग लग्न लावायचं. जात वाचते, माणूस मरतो. आणि ह्याला हे साले अमर प्रेम म्हणतात.

शास्त्रात तर उघड लिहिलंय. छांदोग्य उपनिषद सांगतं की चांगलं वागलेला ब्राह्मणाच्या, क्षत्रियाच्या, वैश्याच्या योनीत जातो. वाईट वागलेला कुत्र्याच्या, डुकराच्या नाहीतर चांडाळाच्या. यादी नीट बघा. कुत्रा, डुक्कर आणि आपण. वाड्यातल्यांचा पुनर्जन्म ही प्रेमकथा, आपला पुनर्जन्म ही शिक्षा!

नियती, नशीब, ऋणानुबंध हे शब्द पडद्यावर गोड लागतात. गोदीत त्यांची चव घेऊन बघा. स्लिंग निसटली आणि आमच्या टोळीतल्या एकाचा पाय कॉइलखाली गेला. मुकादम म्हणाला, "नशीब त्याचं." भरपाई द्यायची नसली की नशीब आठवतं. पोरगी द्यायची नसली की पुढचा जन्म आठवतो. दोन्हीकडे देणं बुडवायचंच.

आणि पुढच्या जन्मापर्यंत जो थांबत नाही त्याचं काय होतं? अहमदनगर जिल्ह्यात खर्ड्याला २०१४ साली सतरा वर्षांच्या आपल्या पोराला मारून झाडाला टांगला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो एवढाच संशय. साक्षीदार फिरले आणि २०१७ साली आरोपी सुटले. त्याच्यासाठी कुठल्या चॅनेलने पुढचा जन्म लिहिला? नागराजने २०१६ साली 'सैराट'मध्ये पुनर्जन्म दाखवला नाही. रक्तात पाय भरलेलं लेकरू दाखवलं. ते लेकरू ह्याच जन्मात जगायचंय.

पण दुसऱ्यांनाच शिव्या देऊन भागणार नाही. आपल्या वस्तीतही ह्या मालिका लागतात, आपल्याही आयाबहिणी पदराने डोळे पुसतात. आणि आपण कवी? ह्या उधारीवर मीही चार कविता केल्या. पुढच्या जन्मी भेटू छाप. टाळ्या पडल्या. मग लाज वाटली आणि फाडून टाकल्या.

कारण आपला पुनर्जन्म होऊन गेलाय. १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात. बावीस प्रतिज्ञांमध्ये एक प्रतिज्ञा आहे, तिच्यात माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतो की माझा नवा जन्म होतोय. उभ्याउभ्या, जिवंतपणी, न मरता! आत्माच नाही तर पुनर्जन्म कुणाचा, हा सवाल बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या सुरुवातीलाच टाकलाय. आणि जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय लग्न हे तर त्यांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये सांगितलंय. ह्या जन्मातलं लग्न, दोस्तहो. पुढच्या नव्हे.

आता शेवटचं, तिच्यासाठी. हा अंक तिच्यापर्यंत जाईल, कविता वाचणारी आहे ती.

बाई, तुझं रडणं खरं होतं, पण तुझा वायदा खोटा होता. मला तुझी वाट बघत बसायची नाही आणि कुणाच्या स्मरणात अमरही व्हायचं नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस लागते आणि तीन साक्षीदार लागतात. साक्षीदार माझ्या टोळीतले तीन येतील, एका दिवसाची मजुरी बुडवून. हिंमत असेल तर ये. नसेल तर तसं सरळ सांग, माझी जात आडवी आली असं सांग. ते मी सहन करीन. पण पुढचा जन्म मला देऊ नकोस.

मला हा एकच आहे, आणि तो कामाला लागलाय.

जय भीम!