माहितीची पाणपोई

वाटसरूंसाठी पाणपोई घालण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पाणी पिणाऱ्याकडून तेथे कोणी दाम मागत नाही आणि पाणपोईला मिळकत नाही म्हणून ती फसली, असेही कोणी म्हणत नाही. आफ्रिकेतील खेड्यांत गेल्या पाव शतकात जी सामुदायिक माहिती केंद्रे निघाली, त्यांच्या वाट्याला मात्र हा साधा न्याय आलेला नाही.

युगांडात कंपालाच्या उत्तरेस नाकासेके नावाचे गाव आहे. १९८१ ते १९८६ या काळातील यादवीत तो सारा मुलूख होरपळून निघाला होता. १९९९ साली युनेस्को, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आणि कॅनडातील एक संशोधन संस्था यांच्या साहाय्याने तेथे एक केंद्र उघडले. ग्रंथालय, दूरध्वनी, छायाप्रतींचे यंत्र व संगणक ही सारी साधने एका छपराखाली आली. अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांनाही चार पैसे मिळविण्याच्या वाटा कळाव्यात म्हणून चित्रे दाखविणारी आणि लुगांडा भाषेत बोलणारी एक तबकडी मुद्दाम तयार करण्यात आली. ज्ञान त्यांच्या दाराशी त्यांच्याच बोलीत आले, ही गोष्ट आम्हांस यंत्रांहून मोलाची वाटते.

परंतु अशा केंद्रांना दात्यांचा पैसा मिळतो तो ठराविक मुदतीपुरता. मुदत सरली की केंद्राने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, अशी अट असते. छायाप्रतीचे व दूरध्वनीचे पैसे घेता येतात. पण कसाव्यावर पडलेल्या रोगाचा उपाय विचारावयास आलेल्या शेतकऱ्याकडून काय घ्यावयाचे? मग जेथे पैसा तेथे लक्ष, असे होऊ लागते. पुढे मोबाइल आले आणि दूरध्वनीचे ते उत्पन्नही आटले. दक्षिण आफ्रिकेत सरकारी संस्थेने काढलेल्या केंद्रांपैकीही कित्येक नादुरुस्त यंत्रे, थकलेली देयके आणि प्रशिक्षित माणसांचा अभाव यांपायी बंद पडली.

आता हाती मोबाइल असताना केंद्र हवे कशाला, असा प्रश्न विचारला जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४ साली आफ्रिकेतील शंभरांपैकी अवघी ३८ माणसे इंटरनेट वापरीत होती आणि खेड्यांतील प्रमाण त्याहून पुष्कळच कमी होते. शिवाय बातमी मिळणे निराळे आणि ती आपल्या शेताला लागू आहे की नाही हे उमगणे निराळे. त्यासाठी ओळखीचा, विश्वासाचा, प्रतिप्रश्न करता येईल असा माणूस लागतो. केंद्र म्हणजे मुख्यतः तो माणूस होय.

हे महाराष्ट्रास नवे नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापली. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे धाडीत. रेडिओ बोलत असे खरा, पण गावही त्याला उलट बोलत असे. हीच पद्धत १९६४-६५ साली घानातील खेड्यांत अजमावण्यात आली. यंत्र बदलले तरी त्यामागील तत्त्व बदललेले नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, शाळेला किंवा दवाखान्याला जो नियम लावावयाचा तोच माहिती केंद्राला लावावा. केंद्रचालकाचे वेतन, वीज आणि दुरुस्ती यांची तरतूद त्या त्या जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात कायमची असावी आणि दात्यांनी उद्‌घाटनाइतकीच दहाव्या वर्षाचीही चिंता वाहावी. २००९ साली पॅन-आफ्रिकन ई-नेटवर्कद्वारे दूरशिक्षण व दूरवैद्यक यांची सोय आफ्रिकी देशांना करून देणाऱ्या भारतासही हा विचार करणे प्राप्त आहे. रांजण देणारे पुष्कळ भेटतात. परंतु तो रोज सकाळी भरणारा कोणी नसेल, तर तहानलेल्या वाटसरूला रिकाम्या रांजणाचा काय उपयोग?