नाचायचं तेवढं, बोलायचं नाही?



सिडनीतल्या मूळनिवासी कलावंतांच्या कॅबरेविषयीचं पत्र आपल्या रविवारच्या अंकात वाचलं. करमणुकीसाठी तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला राजकारण ऐकवणं ही फसवणूक आहे, असं पत्रलेखकाचं म्हणणं. मला ते मुळीच मान्य नाही. असा एक प्रयोग मी इथे सिडनीत पाहिला आहे आणि तो मनातून जात नाही.

करमणुकीत राजकारण आधी आणलं कुणी? २६ जानेवारी १७८८ रोजी ब्रिटिश सिडनीच्या किनाऱ्यावर उतरले. १९३८ मध्ये, दीडशे वर्षं झाली म्हणून, तो प्रसंग समारंभात वठवला गेला. सिडनीच्या मूळनिवाशांनी त्यात काम करायला नकार दिला. मग दूरच्या मेनिंडीहून माणसं आणली, पोलीस बराकीत ठेवली आणि गोऱ्यांना पाहून पळून जाण्याची भूमिका त्यांच्याकडून करून घेतली. त्याच दिवशी, त्याच शहरात मूळनिवासी पुढाऱ्यांनी शोकदिन पाळला.

मी पाहिलेल्या प्रयोगात चमचमत्या पोशाखातल्या गायिकेने मध्येच विचारलं, "२६ जानेवारीला नागरिकत्वाची शपथ कुणी कुणी घेतली?" हात वर झाले, माझाही. ती रागावली नाही. आपल्या आजीला तिच्या आईपासून तोडून सरकारी माणसांनी कसं नेलं, ते तिने पुढच्या कडव्यात गायलं आणि त्यांच्यातल्या साहेबाची अशी नक्कल केली की सगळे खो खो हसलो. हसता हसताच घसा दाटला. भाषणाने हे झालं नसतं. मूळनिवाशांचं म्हणणं संसदेपुढे मांडणाऱ्या प्रस्तावित सल्लागार मंडळाला ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के मतदारांनी नकार दिला. आता मूळनिवाशांनी रंगमंचावरूनही बोलायचं नाही?

सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांच्या महाराष्ट्राला तरी हे सांगावं लागू नये. भीमराव कर्डकांच्या जलशांनी गाण्याबजावण्यातूनच जातीवर घाव घातले. आपल्या स्नेहसंमेलनांत मात्र 'आदिवासी नृत्य' म्हणजे पानांचे झगे आणि रंगवलेली तोंडं. त्यात कुणाला राजकारण दिसत नाही. खराखुरा तारपा वाजला की आपण टाळ्या देतो, पण वाजवणारा वनहक्काच्या दाव्याबद्दल बोलू लागला की आयोजक घड्याळ दाखवतात.

मराठी मंडळांना, इथल्या आणि तिकडच्याही, माझी विनंती आहे: यंदा ते झगे भाड्याने आणू नका. तारपा वाजवणाऱ्यालाच बोलवा, त्याला पूर्ण मानधन द्या आणि दोन नाचांच्या मध्ये काय बोलायचं ते त्यालाच ठरवू द्या.

— एक मराठी वाचक, सिडनी